बदली झाली, घर विकायचंय, पण डीडवर भावाचंही नाव आहे (अमेरिका, फेडरल नोकरी)

शेतमातीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी इथे फेडरल सरकारात आहे, काम मातीच्या नमुन्यांचं. खात्याचं नाव लिहीत नाही. वॉशिंग्टनजवळ मेरिलँडमध्ये घर आहे. आमचं युनिट कोलोरॅडोला हलतंय. मार्चमध्ये बदलीचं पत्र आलं, ऑगस्टमध्ये तिकडे हजर व्हायचंय. बदली सरकारच्या सोयीची, त्यामुळे सामान, प्रवास आणि घर विकण्याचा खर्चसुद्धा सरकार देणार असं पत्रात आहे. इथवर सगळं छान.

घर घेतलं २०१६ मध्ये, ४ लाख ३० हजाराला. तेव्हा बायकोला नोकरी नव्हती आणि माझ्या एकट्याच्या पगारावर बँक कर्ज देईना. न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाने सही केली, आणि क्लोजिंगच्या (खरेदीच्या अंतिम सह्यांच्या) दिवशी डीडवर (मालकीच्या कागदावर) दोघांची नावं चढली. तेव्हा कोणी एवढा विचार केला नाही. भाऊ त्या घरात राहिलेला नाही, गणपतीत दीड दिवस येतो तेवढंच. हप्ते माझ्या खात्यातून जातात.

आता एच.आर.चं म्हणणं असं, की भाऊ नियमातल्या ‘कुटुंबात’ बसत नाही, म्हणून विक्रीचा निम्माच खर्च मिळेल. घर साधारण ६ लाख १० हजाराला जाईल. कमिशन, ट्रान्सफर टॅक्स, टायटल कंपनी (मालकीचे कागद तपासून व्यवहार पूर्ण करणारी) सगळं धरून खर्च ४० हजाराच्या आसपास. म्हणजे २० हजार डॉलर माझ्या खिशातून. सख्खा भाऊ कुटुंबात नाही तर कोण आहे? कोणी यातून गेलंय का?

चहा_बिस्कीट

वाचतोय. खुर्ची पकडली.

बदलीग्रस्त

घर विकायचा खर्च सरकार देतं?? पुन्हा एकदा वाचलं, चष्मा पुसून.

मी केंद्र सरकारात, नागपूर–गुवाहाटी–भोपाळ असा प्रवास झालाय. आमच्याकडे बदली झाली की कंपोझिट ट्रान्सफर ग्रँट, म्हणजे मूळ पगाराच्या ८० टक्के. वर सामानाला ट्रकभाडं, आमच्या लेव्हलला ६ हजार किलोपर्यंत. घर विकलं काय, भाड्याने दिलं काय, सरकारला देणंघेणं नाही. मुळात बदलीची नोकरी करणारा माणूस निवृत्तीच्या आधी घरात राहायला जातो कुठे? क्वार्टर झिंदाबाद.

कागदपत्रे_काकू

शेतमातीवाला, मी बदल्यांच्या टेबलावर १४ वर्षं काढली आहेत (आता निवृत्त), म्हणून लिहिते. माझं लिहिणं म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे.

तुमच्या एच.आर.ने नियम बरोबर सांगितलाय, पण अर्धाच सांगितलाय.

हा खर्च देण्याची मुभा १९६६ च्या कायद्याने आली. तपशील फेडरल ट्रॅव्हल रेग्युलेशनमध्ये आहे, भाग ३०२-११. विक्रीचा खर्च घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत, नवीन घर घेतानाचा ५ टक्क्यांपर्यंत. बदली सरकारच्या हिताची हवी, बदलीचं कळलं तेव्हा तुम्ही त्याच घरातून रोज कामावर जात असायला हवं, आणि वर्षभर सरकारी नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यावं लागतं. नव्याने भरती झालेल्यांना हे मिळत नाही.

आता नावाचा भाग. डीड तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, किंवा तुमच्या आणि ‘इमिजिएट फॅमिली’च्या नावावर, किंवा नुसतं त्या कुटुंबाच्या नावावर, तर पूर्ण खर्च. त्याबाहेरचा कोणी सहमालक असेल तर तुमच्या हिश्श्यापुरता. आणि हे कुटुंब आपल्या रेशन कार्डासारखं नाही हो. नवरा-बायको, डोमेस्टिक पार्टनर, २१ च्या आतली अविवाहित मुलं, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील. भाऊ-बहीणसुद्धा आहेत त्यात, पण अविवाहित, २१ च्या आतले किंवा स्वतःचं पोट भरू न शकणारे, आणि तुमच्यावर अवलंबून. जर्सीत नोकरी करणारा, कर्जावर सही करू शकणारा भाऊ त्यात येणं शक्यच नाही. त्याची ऐपत होती म्हणून तर बँकेने सही मागितली.

पण एच.आर.ने न सांगितलेली बाजू अशी, की नियम नुसतं डीडवरचं नाव बघत नाही. ‘इक्विटेबल टायटल’ नावाची गोष्ट आहे. कागदावर कोणाचंही नाव असो, घराचा खरा मालक कोण? त्यात एक प्रकार आहे ‘अ‍ॅकोमोडेशन पार्टी’चा. कर्ज मिळावं म्हणून बँकेला दुसरी सही हवी होती, दुसऱ्याने ती दिली, आणि तुम्ही कर्ज बुडवल्याशिवाय घरात त्याचा पैशाचा काही संबंध नाही. हे कागदाने दाखवता आलं तर खर्च पूर्ण मिळतो.

दुसरा प्रकार जास्त मोकळा आहे, पण अटी कडक. घर तुमचं राहतं हवं. वापरण्याचा आणि विकण्याचा अधिकार तुमचा किंवा तुमच्या कुटुंबाचा हवा. घरासाठी पैसे फक्त तुम्ही किंवा त्या कुटुंबाने भरलेले हवेत, आणि विक्रीचे सगळे पैसे तुमच्याकडेच यायला हवेत. सगळ्या अटी एकत्र. एक सुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही.

तुमचं पहिल्या प्रकारात बसेल असं वाटतंय. बँकेचं २०१६ चं पत्र आहे का, ज्यात सहकर्जदार लागेल असं लिहिलंय?

शेतमातीवाला

काकू, दंडवत! बँकेची ईमेल सापडेल बहुतेक. लोन ऑफिसर म्हणत होता, माझ्या उत्पन्नात कर्ज बसत नाही म्हणून.

एक सोपी आयडिया सुचलीय. भाऊ क्विटक्लेम (हक्कसोड) करून नाव काढून घ्यायला तयार आहे. या आठवड्यात नोटरीकडे जाऊन आलो तर विक्रीच्या दिवशी घर माझ्या एकट्याचं. मग प्रश्नच मिटला ना?

कागदपत्रे_काकू

नाही मिटत. थांबा, नोटरीकडे जाऊ नका.

बदलीची पहिली अधिकृत सूचना मिळाली त्या तारखेआधी घरात तुमचा जो हिस्सा होता, तोच धरतात. तुमचं पत्र मार्चमधलं. मेमधल्या क्विटक्लेमने मिळालेला निम्मा हिस्सा त्या तारखेनंतरचा. उलट फाइल बघणारा म्हणेल, काढून टाकावा लागला म्हणजे भावाचा हिस्सा होताच.

टॅक्सवाला_नाना

काकूंना अनुमोदन. क्विटक्लेमची दुसरी बाजू मी सांगतो. भाऊ खरंच निम्म्याचा मालक असेल तर नाव काढणं म्हणजे त्याने तुम्हाला भेट देणं. २०२५ ची वार्षिक मर्यादा एका माणसाला १९ हजार डॉलर. त्यावर गेलात की भावाला ७०९ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. कर सहसा बसत नाही, आयुष्यभराची सूट मोठी आहे, पण सरकारदरबारी लेखी नोंद होते की तो मालक होता.

आणि मालकीची गोष्ट सगळीकडे एकच सांगा. विकताना नफा होणारच. ४ लाख ३० ला घेतलं, ६ लाख १० ला विकलं, खर्च वजा जाता १ लाख ४० हजार. तुमच्या वाट्याला राहत्या घराची अडीच लाखांची सूट आहे. भाऊ तिथे राहिलेला नाही, त्याला नाही. निम्मा खरोखर त्याचा असेल तर ७० हजारांवर १५ टक्क्यांनी साडेदहा हजार त्याच्या डोक्यावर, राज्याचा कर वेगळा. तो नुसता सही करणारा असेल तर सगळा नफा तुमचा आणि त्याला काही नाही. एच.आर.ला ‘सगळं माझं’ आणि आयआरएसला (कर खात्याला) ‘अर्धं त्याचं’, किंवा उलट, असं करू नका.

जर्सीकर

मी पण मोठ्या भावाच्या डीडवर आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये. तो सरकारी नाही, तरी घाम फुटला. आज रात्री फोन करतो.

अनाहूत

एक भाबडा प्रश्न. निम्मा म्हणजे निम्मा हे ठरतं कुठून? डीडवर टक्के लिहिलेले असतात का?

कागदपत्रे_काकू

चांगला प्रश्न. डीड ‘जॉइंट टेनंट्स’ असेल तर समान हिस्से. ‘टेनंट्स इन कॉमन’ असेल तर कमीजास्त असू शकतात, मग डीडवरच ७०–३० वगैरे लिहिलेलं असतं. काही लिहिलं नसेल तर समान धरून चालतात. बहुतेक देशी मंडळी क्लोजिंगला टायटल कंपनी जे पुढे करेल त्यावर सही करून पेढे वाटायला जातात. (मी पण तशीच गेले होते.)

दुहेरी घर असेल, म्हणजे एका भागात तुम्ही आणि दुसऱ्यात भाडेकरू, तर राहत्या भागापुरताच खर्च मिळतो. तो हिशोब वेगळा.

शेतमातीवाला

काल भावाशी बोललो, जुन्या फाइली उपसल्या. बँकेची ईमेल मिळाली. पण दोन गोष्टी निघाल्या, त्या लपवून सल्ला विचारण्यात अर्थ नाही.

पहिली, डाउन पेमेंटमधले १५ हजार भावाच्या खात्यातून थेट टायटल कंपनीला गेले होते. मी चक्क विसरलो होतो.

दुसरी, डिसेंबर २०१८ चं शटडाऊन आठवतंय? २२ डिसेंबर ते २५ जानेवारी, ३५ दिवस. पगार बंद, मुलगी दोन महिन्यांची. तेव्हा जानेवारी आणि फेब्रुवारीचे हप्ते भावाने भरले, न मागता. मी फोन केला तर म्हणाला, ‘झालंय ते, तू झोप.’

हे पैसे मी परत केलेत, पण आपल्या पद्धतीने. २०२१ ला पुण्यात बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्याचा सगळा खर्च मी केला आणि हिशोब तिकडे वळता केला. कागद शून्य. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आहे, ‘फिटलं रे आता’.

आता अ‍ॅकोमोडेशन पार्टी म्हणता येईल का?

चहा_बिस्कीट

‘झालंय ते, तू झोप.’ असा भाऊ सगळ्यांना मिळो. बाकी नियम गेले खड्ड्यात.

बदलीग्रस्त

खड्ड्यात तोच भाऊ गेलाय ना साहेब. परका असता तर हप्ता भरला नसता आणि केस स्वच्छ राहिली असती.

कागदपत्रे_काकू

शेतमातीवाला, खरं लिहिलंत ते बरं केलंत. पण केस कमजोर झाली.

नुसती सही करणाऱ्या माणसाचा घरात पैसा नसतो. तुमच्या भावाचा डाउन पेमेंटमध्ये होता, हप्त्यांतही होता. दुसऱ्या प्रकारात तर ‘फक्त तुम्ही भरलेले’ असे शब्द आहेत. १०० हून जास्त हप्त्यांतले दोनच त्याचे, हे माणूस म्हणून मला कळतं. फाइल बघणाऱ्याला दोन म्हणजे दोन.

कर्ज होतं आणि फेडलं असं म्हणायचं तर त्या वेळचा कागद लागतो. बाबांच्या गुडघ्याचं बिल पुण्याच्या हॉस्पिटलचं, बाबांच्या नावाचं. त्यातून मेरिलँडच्या घराचं कर्ज फिटलं हे मला तुम्ही चहा पिता पिता पटवाल, लेखी नाही पटवता येणार. तरी तो मेसेज जपून ठेवा. तारीख आहे त्यावर, आणि ती बदलीच्या आधीची आहे. भावाकडून प्रतिज्ञापत्र घ्या, पण बदलीनंतर लिहिलेल्या कागदाचं वजन कमी असतं हे धरून चाला.

शेतमातीवाला

आमच्या आधीच्या एच.आर.मधल्या गृहस्थांनी एप्रिलमध्ये फोनवर सांगितलं होतं, ‘पूर्ण मिळेल, काळजी नको’. तशी ईमेलही आहे त्यांची. त्या भरवशावर तर मी रियल्टरशी करार केला. त्याचा उपयोग?

कागदपत्रे_काकू

नाही. लोक इथेच सगळ्यात जास्त चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

सरकारी माणसाने चुकीचं सांगितलं म्हणून नियमाबाहेरचे पैसे देता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाचा १९९० चा निकाल आहे, रिचमंड नावाच्या वेल्डरचा. सॅन डिएगोला नौदलात होता, नजर कमी झाल्याने अपंगत्वाचं पेन्शन सुरू होतं. किती कमावलं तर पेन्शन जाणार हे त्याने नौदलाच्याच ऑफिसात विचारलं, त्यांनी जुना रद्द झालेला नियम सांगितला. त्या भरवशावर जास्तीचं काम केलं आणि सहा महिन्यांचं पेन्शन गेलं. कोर्ट म्हणालं, तिजोरीतला पैसा काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायद्याने दिला तरच बाहेर येतो, कारकुनाच्या चुकीने नाही. बदल्यांच्या भांडणात हाच निकाल पुढे करतात.

अनाहूत

म्हणजे कारकून चुकला तर भुर्दंड वेल्डरला. कुठलाही देश घ्या.

शेतमातीवाला

मग पुढे काय करू? निम्म्यावर सही करून मोकळा होऊ की भांडू?

कागदपत्रे_काकू

दोन्ही करता येतं. दावा पूर्ण खर्चाचा लावा, इक्विटेबल टायटलची बाजू सगळ्या कागदांसह मांडा. भावाने भरलेले पैसेही स्वतःहून लिहा, लपवू नका. खोट्या दाव्याला इथे माफी नाही. ते निम्मा देतील तो घ्या. उरलेल्यासाठी वॉशिंग्टनमध्ये सिव्हिलियन बोर्ड ऑफ कॉन्ट्रॅक्ट अपील्स आहे, २००७ पासून. वकील लागत नाही, फी नाही, एकच न्यायाधीश कागद बघून निकाल देतो. तुमचं पद युनियनच्या करारात येत असेल तर मात्र आधी तो करार वाचा. त्यातली तक्रारीची वाट बदलीच्या पैशांना लागू असेल तर तिकडूनच जावं लागतं, बोर्ड हात लावत नाही.

आणि वेळ. नव्या जागी हजर झाल्यापासून एका वर्षात घराची सेटलमेंट (विक्री पूर्ण) व्हायला हवी. कारण दिलं तर खातं आणखी एक वर्ष वाढवू शकतं. गिऱ्हाईकाला खूश करायला त्याचा क्लोजिंगचा खर्च आपल्या अंगावर घेऊ नका. तुमच्या भागात विक्रेत्याने भरायची रीत असेल तेवढंच मिळतं. मेरिलँडमध्ये ट्रान्सफर आणि रेकॉर्डेशन टॅक्स सहसा निम्मा-निम्मा वाटून घेतात, तुमचा निम्मा चालेल. घर तोट्यात गेलं तर तो तोटा, कर्जाचं व्याज, विमा, गळका नळ, यातलं काही मिळत नाही.

टॅक्सवाला_नाना

मिळालेल्या रकमेवर टॅक्स आहे हे कोणी बोललं नाही अजून. घर विकण्याच्या खर्चाची परतफेड उत्पन्नात धरतात. खातं २२ टक्के कापायच्या आधी वर तेवढी भर घालतं. २० हजारांवर ५,६४१, म्हणजे हातात साधारण २० राहतात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर सोडून. पुढच्या वर्षी रिलोकेशन इन्कम टॅक्स अलाउन्सचा दावा लावून अंतिम हिशोब होतो. तो फॉर्म लोक विसरतात. तुम्ही विसरू नका, कधीकधी उलट सरकारला देणं निघतं.

जर्सीकर

पेपरात वाचलं होतं, कृषी खात्याने २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर केलं, वॉशिंग्टन भागातले ४,६०० पैकी दोन हजारांपेक्षा जास्त ठेवणार नाही, बाकीचे रॅली, कॅन्सस सिटी, इंडियानापोलिस, फोर्ट कॉलिन्स आणि सॉल्ट लेक सिटी या शहरांत. २०१९ ला त्यांची दोन ऑफिसं कॅन्सस सिटीला गेली तेव्हा आमच्या मंडळातलं एक जोडपं नोकरी सोडून इथेच राहिलं. घर आई, मामा आणि त्यांच्या नावावर. विकायचं कसं यातच मुदत संपली.

शेतमातीवाला (सात महिन्यांनी)

धागा वर काढतोय. अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

घर ५ लाख ९८ हजाराला गेलं. खर्च ३८,६००. त्यातले ३ हजार मी काकूंचं न ऐकता गिऱ्हाईकाच्या क्लोजिंगला दिले होते, ते पहिल्याच फेरीत कापले. उरले ३५,६००. दाव्यासोबत बँकेची ईमेल, १०० हून जास्त हप्त्यांची स्टेटमेंट, भावाचं प्रतिज्ञापत्र, त्याने भरलेल्या पैशांचा कबुलीजबाब आणि ‘फिटलं रे आता’चा अधिकृत अनुवाद जोडला. अनुवादाचे ४० डॉलर वेगळे.

उत्तर सभ्य होतं. भावाचा पैसा घरात होता, परतफेडीचा त्या वेळचा पुरावा नाही, म्हणून निम्मा. १७,८०० मंजूर, आले. मी युनियनच्या करारात येतो, तिथला तक्रारीचा मार्ग तपासून पाहिला. प्रतिनिधी म्हणाली, दोन हप्ते आणि १५ हजार नसते तर लढले असते. मीही सोडून दिलं.

नफ्याच्या टॅक्सचं सीपीए (हिशोबनीस) बघतोय, नाना. दोन्हीकडे एकच गोष्ट सांगायची हे त्यालाही सांगितलं.

भावाला उरलेल्या खर्चातला निम्मा तू उचल असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्यानेच फोनवर विचारलं किती बुडाले. सांगितलं. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘बाबांचे गुडघे महाग पडले म्हणायचे.’ बाबा सध्या त्याच्याकडेच आहेत, रोज तीन मैल चालतात.

चहा_बिस्कीट

तीन मैल! वसूल.

कागदपत्रे_काकू

कळवलंत, बरं वाटलं. कोलोरॅडोचं घर घेताना डीड वाचून सही करा आता.

शेतमातीवाला

वाचली काकू, दोनदा. माझं आणि बायकोचं. भाऊ क्लोजिंगला आला होता, पेढे घेऊन. पेनला हात लावू दिला नाही.

गृहिणी_डेन्व्हर

छान धागा. माझ्या सासूबाई आमच्या डीडवर आहेत, सहा महिने इथे आणि सहा महिने सांगलीला असतात. नवऱ्याची बदली होण्याची शक्यता आहे. त्या अवलंबून धरतील का?

कागदपत्रे_काकू

त्यांच्या खर्चातला निम्म्याहून जास्त तुम्ही करता का, ५१ टक्के असं धरतात, तेवढ्याने अडत नाही पण सुरुवात तिथून. आणि नवरा नव्या जागी हजर होतो त्या दिवशी त्या तुमच्या घरात राहत असाव्यात, सांगलीला नव्हे. पेन्शन आहे का त्यांना? शेतजमीन? नवीन धागा काढा, इथे गल्लत होईल.